चुंबकाला न दिसणारी नाणी

उल्हासनगरच्या कॅम्प पाचला, म्हणजे रिक्षावाल्यांच्या ‘पाच नंबर’ला, समुद्र नाही. आहे ती वालधुनी नदी. काकोळ्याच्या बाजूच्या डोंगरांतून निघते, अंबरनाथच्या शिवालयापाशी येते आणि पुढे उल्हासनगरात शिरते. जीन्स धुणाऱ्या कारखान्यांनी तिचं जे केलं ते नाकाने पाहावं. पुढे कल्याणजवळ ती उल्हासला मिळते आणि मग खाडी.

परदेशातल्या किनाऱ्यांवर कानाला हेडफोन लावून, मेटल डिटेक्टरच्या दांड्याच्या टोकाची थाळी वाळूवरून झुलवत फिरणारी माणसं आपण व्हिडिओत पाहतो. या छंदाचं आपल्याकडचं गरिबाघरचं भावंड म्हणजे जुन्या स्पीकरमधला गोल चुंबक आणि त्याला बांधलेली दोरी. पुलावरून गाडी जाताना हात जोडून पाण्यात रुपया टाकणारे प्रवासी आहेत, तोवर पुलाखाली दोरी सोडणारी पोरंही आहेत.

पण चुंबकाची आवडनिवड फार. १९९२पासूनचा स्टेनलेस स्टीलचा रुपया त्याला लगेच चिकटतो. चांदीचा राणीछाप रुपया, १९४३चा भोकाचा पैसा, ॲल्युमिनियमचं हलकं, चौकोनी पाच पैशांचं नाणं, यांतलं काहीच तो उचलत नाही. थोडक्यात, त्याला आपल्याच काळातले पैसे कळतात.

चुंबकाशिवाय धातू शोधणारे लोक महाराष्ट्रात होतेच: झारेकरी. सोनारांच्या दुकानापुढची धूळ झाडून न्यायची, पाण्यात घोळवायची, हलकी माती वाहू द्यायची, तळाशी उरलेल्या जड गाळात पारा फिरवायचा आणि कण वेचायचे. त्यांना विजेची गरज नव्हती. जड असेल ते खाली बसतं, एवढ्या एका नियमावर संसार चालायचे. नदीच्या गाळालाही हाच नियम लागू, आणि तिथे चांदी, तांबं, शिसं असा भेद नाही.

डिटेक्टर वजन पाहत नाही, वीज पाहतो. थाळीतल्या तारेच्या वेटोळ्यातून बदलता प्रवाह सोडला की भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्यात धातू आला की त्याच्या अंगात विजेचे छोटे भोवरे उठतात. त्या भोवऱ्यांचं स्वतःचं क्षेत्र परत येतं, आणि यंत्र ते ऐकून ‘टूं’ करतं. चांदीचा रुपया वीतभर खोल असला तरी साधारण सापडतो. किनाऱ्यावर अडचण वेगळी: खारं पाणीच वीज वाहून नेतं, त्यामुळे ओली वाळूही धातूसारखी बोलते. म्हणून तिथे प्रवाहाचे झटके देऊन मध्येच थांबणारी यंत्रं चालतात. झटका संपला की खाऱ्या पाण्यातला प्रतिसाद लगेच विझतो, धातूतला थोडा रेंगाळतो. त्या रेंगाळण्याकडे कान लावायचा.

या यंत्राची जन्मकथा एका रुग्णाच्या बिछान्यापाशी सुरू होते. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलने असलंच उपकरण आणलं. गोळी सापडली नाही. गादीतल्या धातूच्या स्प्रिंगांनी गोंधळ केला असं सांगतात. पुढे दुसऱ्या महायुद्धात योझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने सुरुंग शोधायचं हातातलं यंत्र बनवलं आणि १९४२मध्ये अल अलामेनच्या वाळूत ते वापरलं गेलं. त्याच युद्धासाठी इकडे कल्याणजवळ लष्करी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले, आणि १९४९ साली तिचं उल्हासनगर झालं.

म्हणजे हातातलं यंत्र आणि गाव एकाच युद्धातून वर आली. तरी त्यांचं जमणार नाही, असं मला वाटतं. इथल्या जमिनीत खिळे, जीन्सचे रिव्हेट, तारा, पत्र्याचे तुकडे, औषधांच्या पाकिटांची चांदी, सगळं थरावर थर. पातळ सोन्याची अंगठी आणि चुरगळलेली चांदी यंत्राला जवळपास सारखीच ऐकू येते. नको ते आवाज गाळण्याची सोय असते खरी, पण गाळताना अंगठीही जाते. पाच नंबरात दोन पावलं टाकली की यंत्र बोंबलून दमेल.

आणि शिवालयाकडे तर जाऊच नये. शके ९८२चा, म्हणजे १०६०चा, शिलाहारांचा हा वारसा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. तिथे फावडं लावणं गुन्हा. इतरत्रही १८७८चा गुप्तधन कायदा लागू आहे. जमिनीत दडलेलं धन १० रुपयांहून जास्त किमतीचं असलं तर कलेक्टरला कळवायचं. मालक निघाला नाही आणि सरकारनेही घेतलं नाही, तर वेगळा करार नसताना सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश, जमिनीच्या मालकाला एक. तेव्हाचे १० रुपये, हे लक्षात घ्या. आज चहाही त्यात जेमतेम येतो.

चुंबकाच्या बाजूने एक गोष्ट सांगायची राहिली. युद्धाच्या काळात चांदी महाग झाली, नाण्यातली चांदी निम्म्यावर आली, आणि १९४७चा रुपया तर शुद्ध निकेलचा निघाला. एका बाजूला सहावा जॉर्ज, दुसरीकडे चालता वाघ. निकेल चुंबकाला चिकटतं. तेव्हा छावणीत पहिल्यांदा उतरलेल्या एखाद्या माणसाच्या गाठीतून असला रुपया वालधुनीत पडला असेल, तर स्पीकरच्या चुंबकाला तो लागेल.