जाकीट अंगासरसं हवं, पण हात मोकळा हवा

आपल्या आसगावात धानाची चुरणी थंडीतच चालते. पहाटे आपण घरच्या माणसाचं ढगळ जाकीट अंगात घालतो अन् निघतो. मागच्या हंगामात आमच्या गटातल्या एकीची बाही मळणी यंत्राच्या पट्ट्यात ओढली गेली. यंत्र लगेच बंद केलं, म्हणून हात वाचला. तेव्हापासून आम्ही जाकीट पारखूनच घेतो.

आधी खांदा बघा. शिवण खांद्याच्या टोकावर यावी. खांदा बदलणं शिंप्यालाही अवघड जातं. बाजू आत घेणं सोपं. दोन्ही बाजूंची शिवण १-१ इंच आत घेतली, की घेर ४ इंच कमी होतो, कारण पुढचा आणि मागचा असे दोन्ही भाग आत जातात. जाड सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून आधी धुवा, मग शिंप्याकडे द्या. माप साडी-ब्लाउजवरच द्या. हात पुढे करून, वाकून बघा. बाही मनगटाशी बटणानं बंद व्हावी. नायलॉनचं जाकीट चुलीजवळ नको; ते वितळून कातडीला चिकटतं.

आणि जाकीट कितीही चांगलं असलं, तरी यंत्राजवळ जाण्याआधी पदर घट्ट खोचा, ओढणी काढून ठेवा.