विमानतळावरील सुरक्षा तपासणी आणि प्रवाशांची प्रतिष्ठा : पूर्णदेह स्कॅनरच्या वादाच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना :

विमानात पाऊल ठेवण्यापूर्वी प्रत्येक प्रवाशाला एका अरुंद वाटेतून जावे लागते. तेथे तो कंबरेचा पट्टा सोडतो, खिशातील नाणी ट्रेमध्ये ठेवतो, दोन्ही हात पसरून उभा राहतो आणि एक अपरिचित व्यक्ती त्याच्या अंगावरून यंत्र किंवा हात फिरवते. ही क्रिया जेमतेम एखाद्या मिनिटाची असते. मात्र तिच्यामागील तत्त्व असाधारण आहे. कोणताही व्यक्तिगत संशय नसताना नागरिकाच्या शरीराची झडती घेण्याचा अधिकार राज्यसंस्थेला अन्यत्र सहसा नसतो. विमानतळावर तो सर्वांनी मान्य केला आहे, कारण आकाशातील एका चुकीची किंमत शेकडो जीवांनी मोजावी लागते. ही मान्यता बिनशर्त आहे काय, प्रवासी कोठपर्यंत सहकार्य करतात व कोठे दुखावले जातात, आणि त्यांच्या मताला नियम ठरविण्याच्या प्रक्रियेत काही स्थान आहे काय, हे प्रश्न म्हणूनच अभ्यसनीय ठरतात.

प्रस्तुत लेखात अमेरिकेतील पूर्णदेह स्कॅनरच्या वादाच्या आधारे या प्रश्नांचे विवेचन केले असून, त्याच्याशी निगडित भारतीय अनुभवांचीही चर्चा केली आहे.

उद्दिष्टे :

१) विमानतळावरील तपासणीच्या विकासाची कारणमीमांसा करणे.
२) स्कॅनर व अंगझडती यांविषयीच्या प्रवाशांच्या मतांचे स्वरूप समजून घेणे.
३) प्रवाशांच्या मतांचा धोरणावर झालेला परिणाम तपासणे.
४) भारतीय प्रवाशांच्या अनुभवांतून पुढे येणाऱ्या प्रश्नांचा परामर्श घेणे.

तपासणीची पार्श्वभूमी :

१९६० च्या दशकाच्या अखेरीस विमान अपहरणांची लाट आली. तिला पायबंद घालण्यासाठी अमेरिकेत जानेवारी १९७३ पासून सर्व प्रवाशांची व त्यांच्या हातातील सामानाची तपासणी सक्तीची झाली. त्याच वर्षी तेथील एका अपील न्यायालयाने या तपासणीस प्रशासकीय झडती मानून मान्यता दिली. ही झडती गुन्हेगार पकडण्यासाठी नसून शस्त्र विमानात जाऊ नये यासाठी आहे. ती गरजेपुरतीच असावी आणि प्रवाशाला विमानप्रवास न करता परत जाण्याची मुभा असावी, अशी त्यामागील भूमिका होती. १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने शिकागो कराराचे सतरावे परिशिष्ट स्वीकारले आणि विमानसुरक्षेला जागतिक चौकट लाभली.

भारतातील व्यवस्थाही अशाच आघातांतून घडली. १९७६ मधील विमान अपहरणानंतर नेमलेल्या समितीच्या शिफारशीवरून १९७८ मध्ये नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोची स्थापना झाली. जून १९८५ मध्ये ‘कनिष्क’ विमानात स्फोट होऊन ३२९ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर १९८७ मध्ये या ब्युरोला स्वतंत्र विभागाचा दर्जा मिळाला. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीकडे निघालेले विमान कंदाहारला नेण्यात आले. या अपहरणानंतर विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपविण्यास प्रारंभ झाला. फेब्रुवारी २००० मध्ये जयपूर विमानतळ प्रथम या दलाकडे आले.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेत परिवहन सुरक्षा प्रशासन ही शासकीय यंत्रणा निर्माण झाली. डिसेंबर २००१ मध्ये एका प्रवाशाने बुटात स्फोटक दडविल्याचे उघड झाले आणि बूट काढण्याची पद्धत आली. २००६ मध्ये ती सर्वांसाठी सक्तीची झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये द्रव स्फोटकांचा कट ब्रिटनमध्ये उघडकीस आला व पाठोपाठ १०० मिलिलिटरची मर्यादा आली. २५ डिसेंबर २००९ रोजी अ‍ॅमस्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात एका तरुणाने अंतर्वस्त्रात लपविलेले स्फोटक पेटविण्याचा प्रयत्न केला, आणि पूर्णदेह स्कॅनरचा प्रसार वेगाने झाला. प्रत्येक नियमामागे एक विशिष्ट घटना आहे, हे या क्रमावरून स्पष्ट होते. नियम घटनेनंतर काही दिवसांत येऊ शकतो. तो मागे घेण्यास मात्र वर्षे लागतात. बूट काढण्याची अमेरिकेतील सरसकट सक्ती जुलै २०२५ मध्ये, म्हणजे जवळजवळ १९ वर्षांनी उठली.

पूर्णदेह स्कॅनर : यंत्र आणि आक्षेप :

धातुशोधक चौकट फक्त धातू ओळखते. प्लास्टिक स्फोटक, चूर्ण किंवा चिनी मातीचे पाते तिला कळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी पूर्णदेह स्कॅनर आले. त्यांचे दोन प्रकार होते. पहिल्यात अतिशय सौम्य क्ष-किरण शरीरावर टाकून परत फिरणाऱ्या किरणांवरून प्रतिमा तयार होई. दुसऱ्यात मिलिमीटर लांबीच्या रेडिओ लहरींचा वापर होतो. या दोन्ही लहरी कपड्यांतून आरपार जातात, परंतु त्वचेपाशी परततात. त्यामुळे कपड्याखाली दडविलेली वस्तू दिसते. मात्र त्याच कारणाने आरंभीच्या यंत्रांत प्रवाशाच्या शरीराची संपूर्ण बाह्याकृतीही पडद्यावर उमटत असे.

आक्षेप मुख्यतः दोन होते. पहिला आरोग्याचा. क्ष-किरण यंत्रातील मात्रा अत्यल्प, उंचावरील विमानप्रवासात काही मिनिटांत निसर्गतः मिळणाऱ्या किरणोत्साराएवढी असल्याचे प्रशासनाचे म्हणणे होते. काही शास्त्रज्ञांनी मात्र ही मात्रा प्रामुख्याने त्वचेत एकवटते याकडे लक्ष वेधले. युरोपीय संघाने २०११ मध्ये क्ष-किरण वापरणाऱ्या स्कॅनरना परवानगी दिली नाही. दुसरा आक्षेप लज्जेचा होता. प्रतिमा पाहणारा कर्मचारी वेगळ्या खोलीत बसतो व त्याला प्रवासी दिसत नाही, असे स्पष्टीकरण देण्यात आले. तथापि आपण न पाहिलेल्या व्यक्तीने आपले शरीर पाहिले, ही जाणीव अनेकांना अधिकच अस्वस्थ करणारी होती.

स्कॅनरला नकार देणाऱ्यांसाठी अंगझडतीचा पर्याय होता. परंतु २०१० च्या अखेरीस ही झडती अधिक कठोर करण्यात आली. तळहात पुढे ठेवून मांड्या, छाती व कंबरेखालचा भाग चाचपला जाऊ लागला. प्रतिमा किंवा स्पर्श यांपैकी एकाची निवड, एवढेच स्वातंत्र्य प्रवाशाच्या वाट्याला आले.

लोकमताचे स्वरूप :

या काळातील सर्वेक्षणे उद्बोधक आहेत. जानेवारी २०१० मध्ये, डेट्रॉइटच्या घटनेनंतर लगेचच, गॅलपने घेतलेल्या चाचणीत ७८ टक्के विमानप्रवाशांनी स्कॅनरला अनुकूलता दर्शविली. नोव्हेंबर २०१० मध्ये एबीसी न्यूज व वॉशिंग्टन पोस्ट यांच्या चाचणीत सुमारे दोन-तृतीयांश नागरिक स्कॅनरच्या बाजूने होते. परंतु नव्या अंगझडतीत मर्यादा ओलांडली जाते, असे निम्म्या लोकांना वाटत होते.

या आकडेवारीचा सरळ अर्थ असा, की बहुसंख्य प्रवासी तपासणीच्या विरोधात नाहीत. त्यांना सुरक्षितता हवी आहे व तिच्यासाठी गैरसोय सोसण्याची त्यांची तयारी आहे. यंत्रापेक्षा स्पर्शाला असलेला विरोध तीव्र आहे. मात्र बहुमताची मान्यता हा सर्व प्रश्नांवरील तोडगा नव्हे. ज्याच्या शरीरात धातूची पट्टी बसविली आहे, ज्याला मूत्रपिशवी बाळगावी लागते, जी स्त्री स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर कृत्रिम अवयव वापरते, किंवा ज्या पारलिंगी व्यक्तीचे शरीर यंत्रातील स्त्री-पुरुषांच्या ठरीव आराखड्यात बसत नाही, त्यांच्यासाठी तपासणीचा अनुभव सरासरी प्रवाशाहून सर्वस्वी वेगळा असतो. टक्केवारीत हा अनुभव हरवून जातो.

न्यायालय आणि प्रवाशांचा आवाज :

खासगीपणाच्या हक्कासाठी कार्य करणाऱ्या एका संस्थेने स्कॅनरला न्यायालयात आव्हान दिले. जुलै २०११ मध्ये वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयाने दिलेला निर्णय दुहेरी होता. स्कॅनरमुळे अवाजवी झडतीविरुद्धच्या घटनात्मक हक्काचा भंग होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याच वेळी, एवढा मोठा बदल करताना जनतेला पूर्वसूचना देऊन तिची मते मागविणे कायद्याने आवश्यक होते व प्रशासनाने ते टाळले, असाही निर्वाळा दिला. यंत्र वैध ठरले, परंतु ते लादण्याची पद्धत सदोष ठरली.

त्यानुसार मार्च २०१३ मध्ये मते मागविण्यात आली. पाच हजारांहून अधिक अभिप्राय आले आणि अंतिम नियम मार्च २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. न्यायालयाच्या निर्णयापासून तोपर्यंत पावणेपाच वर्षे लोटली होती व स्कॅनर केव्हाच रूढ झाले होते. तरीही हा लढा निष्फळ ठरला असे म्हणता येत नाही. २०१२ च्या कायद्यान्वये अमेरिकी संसदेने असे सॉफ्टवेअर सक्तीचे केले, की ज्यामुळे प्रत्यक्ष शरीराऐवजी सर्वांसाठी एकच रेखाकृती दिसावी व संशयित जागेवर केवळ खूण उमटावी. क्ष-किरण यंत्रांत हा बदल वेळेत होऊ शकला नाही, म्हणून मे २०१३ पर्यंत ती अमेरिकी विमानतळांवरून हटविण्यात आली. सुरक्षा व लज्जारक्षण यांपैकी एकाचा बळी देणे अपरिहार्य नव्हते, हे यावरून सिद्ध होते. पर्याय तंत्रज्ञानात शक्य होता. तो शोधण्यास भाग पाडण्यासाठी प्रवाशांची नाराजी कारणी लागली.

साडी, पगडी आणि कृत्रिम पाय : भारतीय अनुभव :

या वादाला भारतीय बाजूही आहे. डिसेंबर २०१० मध्ये भारताच्या अमेरिकेतील तत्कालीन राजदूत मीरा शंकर यांना मिसिसिपी राज्यातील जॅक्सन विमानतळावर बाजूला घेऊन त्यांची अंगझडती घेण्यात आली. त्यांनी साडी परिधान केली होती. परराष्ट्रमंत्री एस. एम. कृष्णा यांनी याविषयी तीव्र नापसंती व्यक्त केली. त्याच सुमारास संयुक्त राष्ट्रांतील भारताचे स्थायी प्रतिनिधी हरदीपसिंग पुरी यांना ह्यूस्टन विमानतळावर पगडीच्या तपासणीवरून थांबविण्यात आले होते. वास्तविक शीख संघटनांच्या आक्षेपानंतर २००७ मध्येच, प्रवाशाने स्वतःच पगडी चाचपावी व नंतर त्याच्या हातांची रासायनिक चाचणी घ्यावी, असा पर्याय मान्य झाला होता. नियम कागदावर सुधारला, तरी तपासणीच्या रांगेपर्यंत पोहोचण्यास त्याला विलंब लागतो, हेच येथे दिसून येते.

माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची एप्रिल २००९ मध्ये दिल्ली विमानतळावर एका परदेशी विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी झडती घेतली. भारतीय नियमांनुसार माजी राष्ट्रपतींना अशा तपासणीतून सूट आहे. ही बाब जुलैमध्ये उघड झाल्यावर संसदेत संताप व्यक्त झाला व कंपनीने माफी मागितली. डॉ. कलाम यांनी स्वतः मात्र तक्रार केली नव्हती.

या प्रसंगांतील राष्ट्रीय संताप समजण्यासारखा आहे. परंतु त्यातून एक अडचणीचा प्रश्न उद्भवतो. तो संताप पदाच्या अवमानाविषयी होता की व्यक्तीच्या? साडी केवळ राजदूतच नेसत नाहीत. मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला प्रथमच जाणारी, इंग्रजी न समजणारी एखादी मराठी आजीही त्याच रांगेत उभी असते. तिला बाजूला घेतले, तर ती वृत्तपत्रांचा विषय होत नाही. प्रतिष्ठा पदाला चिकटलेली असेल, तर सूट हा तिच्यावरील उपाय ठरतो. ती व्यक्तीला चिकटलेली असेल, तर पद्धतच बदलावी लागते.

हाच मुद्दा ऑक्टोबर २०२१ मध्ये ज्येष्ठ नृत्यांगना व अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी मांडला. अपघातात पाय गमावल्यानंतर कृत्रिम पायावर नृत्य करणाऱ्या या कलावतीला विमानतळावर प्रत्येक वेळी तो पाय काढून दाखवावा लागे. स्फोटकांचा अंश शोधणाऱ्या यंत्राने तपासणी करावी, ही त्यांची विनंती मान्य होत नसे. त्यांच्या चित्रफितीनंतर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने दिलगिरी व्यक्त केली. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, मानवी प्रतिष्ठा राखण्यासाठी दिव्यांग प्रवाशांना कृत्रिम अवयव काढावयास सांगू नये, असे मत नोंदविले. २०१७ मध्ये खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरविणाऱ्या नऊ न्यायाधीशांच्या निर्णयाशी ही भूमिका सुसंगत आहे.

भारतीय पद्धतीत स्त्री प्रवाशांची झडती पडद्याआडच्या कक्षात स्त्री कर्मचाऱ्याकडूनच होते, ही जमेची बाजू होय. २०१७ मध्ये प्रमुख विमानतळांवर हातातील सामानाच्या चिठ्ठीवर शिक्का मारण्याची पद्धत बंद झाली आणि डिसेंबर २०२२ पासून ‘डिजीयात्रा’ सुरू झाली. मात्र ‘डिजीयात्रा’ने केवळ ओळख पटविण्याचे काम सुलभ होते, अंगझडती चुकत नाही, हा भेद लक्षात घेणे आवश्यक आहे.

परिणामकारकतेचा प्रश्न :

प्रवाशांच्या सहनशीलतेचा आधार एकच असतो : या गैरसोयीमुळे आपण सुरक्षित होतो, हा विश्वास. २०१५ मध्ये अमेरिकेत गुप्त चाचण्यांचा निष्कर्ष प्रसारमाध्यमांतून बाहेर आला. ७० पैकी ६७ चाचण्यांत बनावट स्फोटके वा शस्त्रे तपासणीतून निसटली होती. त्यामुळे या विश्वासाला तडा गेला. तथापि यावरून तपासणी निरर्थक ठरत नाही. तपासणीच्या भीतीने जे प्रयत्नच होत नाहीत, त्यांची मोजदाद कोणत्याही चाचणीत होत नसते. तासन्‌तास पडद्याकडे पाहणाऱ्या कर्मचाऱ्याचा थकवा, गर्दीचा दबाव आणि अपुरे प्रशिक्षण यांचाही विचार व्हावयास हवा. प्रवाशाला उद्धट वाटणारा कर्मचारी पुष्कळदा याच दबावाखाली असतो.

निष्कर्ष :

१) विमानतळावरील नियम प्रामुख्याने घटनांच्या प्रतिक्रियेतून जन्मतात, त्यांच्या नियतकालिक फेरविचाराची सोय मात्र दुर्बल आहे.
२) बहुसंख्य प्रवाशांचा तपासणीला पाठिंबा आहे. त्यांचा विरोध अनावश्यक स्पर्श, उघड्यावरील झडती व अपमानास्पद वर्तन यांना आहे.
३) स्कॅनरवरील प्रतिमेत झालेला बदल हे दाखवितो, की सार्वजनिक आक्षेपांतून सुरक्षा कमी न करता प्रतिष्ठा जपणारा मार्ग निघू शकतो.
४) भारतात प्रतिष्ठित व्यक्तीने आवाज उठविल्यावर प्रश्नाची दखल घेतली जाते. सामान्य, वृद्ध व दिव्यांग प्रवाशांच्या अनुभवांची नियमित नोंद व जाहीर आढावा यांची गरज आहे.

समारोप :

सुरक्षा तपासणी हा राज्यसंस्था व नागरिक यांच्यातील एक मूक करार आहे. नागरिक काही क्षण आपल्या शरीरावरील अधिकार सैल करतो. त्याच्या मोबदल्यात राज्यसंस्थेने त्याचे प्राण व मान दोन्ही राखणे अपेक्षित असते. यांपैकी पहिल्याचा हिशेब विमान सुखरूप उतरल्यावर आपोआप लागतो. दुसऱ्याचा हिशेब प्रवाशाला विचारल्याखेरीज लागत नाही.