क्ष-किरण यंत्र आणि यंत्रामागचा माणूस

सार्वजनिक आरोग्याच्या अंदाजपत्रकात यंत्राचे नशीब माणसाच्या नशिबापेक्षा बरे असते. यंत्र घ्यावयाचे ठरले की निविदा निघतात, ते आले की नारळ फुटतो, फीत कापली जाते आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात छायाचित्र येते. ते यंत्र चालविणाऱ्या माणसाचे पद मात्र मंजूर होते, रिक्त राहते, कंत्राटावर भरले जाते आणि कंत्राट संपताच पुन्हा रिक्त होते. यंत्र हा भांडवली खर्च आणि माणूस हा आवर्ती खर्च. पहिला एकदाच करावा लागतो आणि सर्वांना दिसतो. दुसरा दरमहा करावा लागतो आणि कोणालाच दिसत नाही. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असलेला हा भेद व्यवहारात किती महागात पडतो, हे पाहावयाचे असेल तर तालुक्याच्या रुग्णालयातील क्ष-किरण विभागाच्या दाराशी थोडा वेळ उभे राहावे.

सटाण्याचेच उदाहरण घेऊ. सटाणा हे बागलाण तालुक्याचे ठाणे. आरम नदीकाठचे हे गाव विंचूर-प्रकाशा रस्त्यावर आहे, त्यामुळे अपघाताचे रुग्ण येथे नित्याचेच. भोवती कांदा, डाळिंब आणि द्राक्षांचा बागायती पट्टा. पश्चिमेस मुल्हेर-साल्हेरच्या डोंगरांतील आदिवासी पाडे. मालेगाव सुमारे ३५ किलोमीटरवर, जिल्ह्याचे ठिकाण नाशिक सुमारे ९० किलोमीटरवर. साल्हेरच्या बाजूचा एखादा मजूर झाडावरून पडला आणि त्याचे मनगट सुजले, तर त्याच्यापुढचा पहिला प्रश्न वैद्यकाचा नसतो, हिशेबाचा असतो. सटाण्याच्या सरकारी रुग्णालयात चित्र निघाले तर त्याची एका दिवसाची मजुरी बुडते. 'आज एक्स-रेवाले नाहीत' असे उत्तर मिळाले तर एक तर खाजगी केंद्राची फी भरावयाची, नाही तर मालेगाव किंवा नाशिक गाठावयाचे. म्हणजे दोघांचे भाडे, दोघांची दोन दोन दिवसांची मजुरी आणि बाहेरचे खाणे. यांपैकी काहीच परवडत नसल्यास तो गावातल्या हाडवैद्याकडून बांबूच्या कामट्या बांधून घेतो. हाड कधी सरळ जुळते, कधी वाकडे. वाकडे जुळले तर त्या हाताची कमावण्याची शक्ती जन्मभरासाठी घटते. रिक्त पदामुळे वाचलेले वेतन सरकारी जमाखर्चात बचत म्हणून दिसते. या मजुराचा तोटा लिहून ठेवणारी वही कोणत्याही कचेरीत नाही.

मामलेदार यशवंतराव भोसेकर यांनी १८७०-७१ च्या दुष्काळात सरकारी खजिना भुकेल्यांसाठी खुला केला, ही कथा सटाण्यात आजही घरोघरी सांगितली जाते. लोकांनी त्यांना देवमामलेदार केले, त्यांचे मंदिर बांधले, यात्रा भरविली. खजिन्यातील शिल्लक आणि लोकांचे कल्याण या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे त्या गावाला निराळे समजावून सांगावयास नको.

प्रश्न एका गावाचा नाही. केंद्र सरकार ग्रामीण आरोग्याची जी आकडेवारी प्रसिद्ध करते, तिच्यात २०१० नंतरच्या दशकात सबंध देशातील सामुदायिक आरोग्य केंद्रांमध्ये क्ष-किरण तंत्रज्ञांची संख्या गरजेच्या निम्म्यापर्यंतही पोहोचत नव्हती. प्रत्येक केंद्राला निदान एक तंत्रज्ञ, एवढीच ती गरज धरलेली आहे. आता या 'एक'चाही हिशेब करून पाहावा. आठवड्याचे तास १६८. एका माणसाने आठवड्यास ४८ तास काम केले तर अहोरात्र विभाग चालविण्यास साडेतीन माणसे लागतात, आणि त्यात रजा, आजारपण व सणवार धरलेले नाहीत. म्हणजे पद भरलेले असले तरी सात दिवसांतील दोनच दिवसांची सोय होते. अपघात मात्र कार्यालयीन वेळ पाहून होत नाहीत. मग रात्री अकरा वाजता त्याच माणसाला घरून बोलावून आणतात, आणि सकाळी नऊ वाजता तो पुन्हा खोलीत हजर असावा अशी अपेक्षा असते.

हा माणूस नेमके काय करतो, याविषयी सुशिक्षितांतही मोठा गोंधळ आहे. चित्र वाचून निदान करणारा तो क्ष-किरणतज्ज्ञ. त्याची पदवी वैद्यकाची. चित्र घेणारा तो तंत्रज्ञ. त्याचे शास्त्र वेगळे, शिक्षण वेगळे. लोक दोघांनाही 'एक्स-रेवाले' म्हणतात आणि दुसऱ्याचे काम बटण दाबण्याचे समजतात. वस्तुतः बटण दाबणे हा त्यातील सर्वांत सोपा भाग होय.

छातीचे साधे चित्र घ्या. रुग्णाने यंत्राकडे पाठ करून ताठ उभे राहावयाचे, छाती समोरच्या पटलाला टेकवावयाची, हात कमरेवर ठेवून खांदे पुढे वळवावयाचे, म्हणजे खांद्याची हाडे फुप्फुसांवरून बाजूला सरतात. नळी सुमारे सहा फुटांवर ठेवतात; जवळ आणल्यास हृदय आहे त्यापेक्षा मोठे दिसते. नंतर खोल श्वास घेऊन तो रोखून धरावयाचा. श्वास अर्धवट राहिला तर फुप्फुसांचा तळ धुरकट दिसतो, हृदय फुगलेले भासते, आणि धडधाकट माणसाच्या मागे नसलेल्या आजाराचा संशय लागतो. आता सत्तर वर्षांच्या, आयुष्यात प्रथमच अशा खोलीत आलेल्या, अहिराणी बोलणाऱ्या आजीबाईंकडून, किंवा घरी कोकणी बोलणाऱ्या आदिवासी बाईंकडून हे सारे करवून घ्यावयाचे. अंधूक प्रकाश, लोखंडी यंत्र आणि 'श्वास धरा' म्हणून काचेमागे नाहीसा होणारा अनोळखी पुरुष. आजी श्वास धरतात तो घाबरून, नेमका अर्धवट. ज्याला त्यांच्या बोलीत दोन शब्द बोलता येतात, त्याचे चित्र पहिल्याच खेपेस चांगले येते. हे कौशल्य कोणत्याही निविदेत नमूद नसते.

मोडलेल्या हाडाचे चित्र दोन दिशांनी घ्यावे लागते, कारण समोरून सरळ दिसणारे हाड बाजूने पाहिले असता सरकलेले असू शकते. डावे-उजवे दाखविणारे शिशाचे अक्षर विसरले तर पुढे काय होईल, याची कल्पना कोणालाही यावी. लहान मूल आवरत नाही, तेव्हा त्याला धरण्यास नातेवाइकाला शिशाचा झगा घालून उभे करावयाचे. तंत्रज्ञाने स्वतः धरावयाचे नाही, कारण नातेवाईक एकदाच येतो आणि तंत्रज्ञ रोज. तरुण स्त्रीला, ती गरोदर तर नाही ना, हे विचारणे भाग असते. दाराबाहेर सासरे बसलेले असताना आणि विचारणारा परपुरुष असताना या प्रश्नाचे खरे उत्तर मिळणे कठीण. या व्यवसायात स्त्रिया अधिक संख्येने याव्यात, याला एवढे एकच कारणही पुरेसे आहे.

आता किरणांकडे वळावयास हवे. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना हे किरण आढळले. त्यांचे स्वरूप ठाऊक नसल्याने बीजगणितातील अज्ञात राशीचे नाव त्यांना मिळाले. मराठीत ते 'क्ष' झाले. राँटगेन यांनी या शोधाचे एकस्व घेतले नाही, म्हणून तो झपाट्याने जगभर पसरला. त्याचे ओझे मात्र प्रथम पडले ते यंत्राजवळ उभ्या राहणाऱ्यांवर. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली या किरणांवर प्रयोग करता करता भाजले, त्यांचे दोन्ही हात कापावे लागले आणि १९०४ साली ते मरण पावले. हँबुर्ग येथे १९३६ साली उभारलेल्या स्मारकावर अशा दीडशेहून अधिक डॉक्टरांची, शास्त्रज्ञांची आणि तंत्रज्ञांची नावे कोरली गेली. आजचे संरक्षणाचे नियम या माणसांच्या जिवावर तयार झालेले आहेत.

ते नियम पाळले तर आजचे काम सुरक्षित आहे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. या बाबतीत भीतीही फार पसरलेली आहे. नैसर्गिक स्रोतांपासून जगातील सर्वसाधारण माणसास वर्षाकाठी सुमारे २.४ मिलीसीव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतच असतो. छातीच्या एका चित्राने मिळणारी मात्रा ०.१ किंवा त्याहूनही कमी असते. कमरेच्या मणक्याच्या चित्रांना त्याच्या दहापटीहून अधिक लागते, आणि पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये ती आठ-दहा मिलीसीव्हर्टपर्यंत जाते. भारतात या क्षेत्राचे नियमन १९८३ साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ करते. किरणांशी रोज संबंध येणाऱ्या कामगारासाठी मर्यादा आहे ती पाच वर्षांच्या सरासरीने वर्षास २० मिलीसीव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३०. ती मोजण्यासाठी प्रत्येकाच्या छातीवर एक छोटा बिल्ला असावयास हवा. त्यातील चकत्या ठरावीक मुदतीने प्रयोगशाळेत जातात, तापविल्या की प्रकाश देतात आणि त्या प्रकाशावरून मात्रा कळते. हा बिल्ला म्हणजे तंत्रज्ञाचे खातेपुस्तकच. एखाद्या केंद्राचा मालक तीन-चार हजार चित्रांचा धंदा करतो आणि बिल्ल्याचा खर्च मात्र टाळतो, तेव्हा त्या कामगाराचा हिशेबच पुसला जातो. पुढे काही दुखणे उद्भवले तर दाखवावयास त्याच्याकडे कागद नसतो.

खरा बदल घडला आहे तो निराळ्याच ठिकाणी, आणि त्याची चर्चा जवळपास होतच नाही. फिल्मच्या काळात प्रत्येक चित्राला किंमत होती. फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर असे; लाल दिव्याच्या अंधारखोलीत ती डेव्हलपरमधून आणि फिक्सरमधून काढावी लागे. किरण जास्त दिले तर फिल्म काळी पडे, कमी दिले तर पांढुरकी राही. दोन्ही प्रकारांत ती फुकट जाई, भांडारपालाकडे जाब द्यावा लागे, आणि चूक साऱ्या विभागाला दिसे. चांदीची किंमत अशा रीतीने रुग्णाच्या शरीराचेही रक्षण करीत होती.

आता चित्र संगणकाच्या पडद्यावर येते. किरण कमी पडले तर त्यावर रवाळ ठिपके दिसतात आणि डॉक्टर तक्रार करतात. पण जास्त पडले तर संगणक ते सावरून घेतो. चित्र उलट अधिकच गुळगुळीत दिसते आणि सगळे खूष होतात. साहजिकच हात हळूहळू जास्तीकडे झुकतो. पुन्हा चित्र घेणेही फुकट झाले. फिल्म नाही, रसायन नाही, जाब नाही. चुकीची किंमत नाहीशी झाली असे वाटते, पण ती फक्त सरकली आहे. पूर्वी ती रुग्णालयाच्या भांडारावर पडे, आता ती रुग्णाच्या देहावर पडते, आणि त्याला तिचे बिल कधीच मिळत नाही. ज्या खर्चाचे बिल कोणालाच येत नाही तो खर्च वाढत जातो, हे अर्थशास्त्रात सांगावे लागत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात मात्रेचा अंदाज देणारा एक आकडा येतो. शिकलेला तंत्रज्ञ प्रत्येक चित्रानंतर त्याकडे पाहतो. न शिकलेल्याला तो तेथे आहे हेही माहीत नसते.

'यंत्र आता सर्व आपोआप करते, मग तंत्रज्ञ कशाला?' हा प्रशासनाचा आणि काही खाजगी चालकांचा युक्तिवाद म्हणूनच नेमका उलटा आहे. ७ डिसेंबर २०२४ पासून चाललेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत हातात मावणारी क्ष-किरण यंत्रे गावोगाव नेण्यात आली, आणि चित्रे वाचण्यासाठी संगणकाचीही मदत घेतली जाऊ लागली. ही गोष्ट स्वागतार्हच आहे. क्षयाचा रुग्ण खोकू लागण्यापूर्वी सापडला तर सारे घर वाचते. पण संगणक वाचतो ते त्याच्यापुढे ठेवलेले चित्र. अर्धवट श्वासाचे चित्र पुढे ठेवले तर तोही अर्धवटच वाचणार. शिवाय जे यंत्र भिंतींच्या आड नाही, अंगणात आहे, तेथे बघ्यांना किती अंतरावर उभे करावयाचे हे ठरवावे लागते. अंतर दुप्पट केले की मात्रा चौथाई होते, एवढे ज्ञान असलेला माणूस तेथे लागतोच.

असा माणूस घडविण्याची सोय जिल्ह्याबाहेर शोधावी लागते असेही नाही. १९९८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकलाच आहे, आणि परावैद्यक तंत्रज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम त्याच्या कक्षेत चालतो. तीन वर्षे शिक्षण आणि नंतर आंतरवासिता. शेजारी सहा महिन्यांच्या 'प्रमाणपत्रां'चीही दुकाने आहेत. २०२१ साली संसदेने सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला; त्यात क्ष-किरण व प्रतिमांकन तंत्रज्ञांचा स्पष्ट समावेश असून नोंदणीसाठी राज्य परिषदांची तरतूद आहे. परिचारिकांना आणि औषधनिर्मात्यांना जी कायदेशीर ओळख अनेक दशकांपूर्वी मिळाली, ती या वर्गाला राँटगेनच्या शोधानंतर सव्वाशे वर्षांनी मिळाली. नोंदणी कसोशीने झाली तर प्रमाणपत्रांची दुकाने आपोआप आटोक्यात येतील. ढिलाई झाली तर त्याच दुकानांना कायद्याचा शिक्का मिळेल.

तोवर तालुका पातळीवर ज्यांना नव्या कायद्याची किंवा मोठ्या रकमेची गरज नाही अशा गोष्टी थोड्याफार आहेत. महामार्गावरील रुग्णालयांत दुसरे पद मंजूर करणे ही त्यातील पहिली आणि खर्चाची. यंत्राच्या निविदेतच पाच वर्षांच्या तंत्रज्ञाचे वेतन धरणे ही दुसरी. तिसरी अगदीच साधी आहे: पुन्हा घ्याव्या लागलेल्या चित्रांची, कारणासह, एक नोंदवही विभागात ठेवावी आणि रुग्णकल्याण समितीच्या बैठकीत ती वाचली जावी. तिची किंमत एका शंभर पानी वहीएवढी आहे.