वैद्यक विद्यार्थ्यांची मंडळे आणि कर्करोगाचे लोकशिक्षण

मार्कंड्याला वैनगंगा उत्तरवाहिनी होते आणि तिच्या काठी मार्कंडेश्वराची देवळे उभी आहेत, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. महाशिवरात्रीला तेथे जत्रा भरते. देवळाच्या वाटेवर नारळ-फुलांची दुकाने असतात, तसे पानठेलेही असतात. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून पन्नीत बांधायचा, की झाला खर्रा. नारळ घेणारा माणूस जाता जाता खर्राही घेतो. आम्हीही घेत होतो. बारा वर्षे आम्ही खर्रा खाल्ला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढील मजकूर कोणी उंचावर बसून केलेला उपदेश आहे असे वाटणार नाही.

आमच्या युनियनच्या एका शाखेचे चिटणीस आमचे मित्र होते. कोळशाच्या खाणीत पाळी करायचे आणि पाळी सुटली की युनियनचे काम. जेवायला आम्ही बरोबर बसत असू. वर्षभर ते भाकरी वरणात भिजवून, बारीक कुस्करून खात होते. आम्हाला वाटे, दात दुखत असतील. वस्तुतः त्यांचे तोंडच उघडत नव्हते. मध्यंतरी ते तीनदा दवाखान्यात गेले आणि तीनही वेळा तोंडात लावायचे औषध घेऊन परत आले. गालाच्या आत बोट फिरवून कोणी पाहिले नाही. नागपूरला नेले तेव्हा जबडा काढावा लागला, आणि त्यानंतर ते दहा महिने जगले. सभेत माणसांना उठवून बसवणारा आवाज होता त्यांचा. शेवटी ते पाटीवर लिहून बोलत. मजुरी, बोनस, रजा यांवर आम्ही शेकडो ठराव केले. ज्या तोंडाने ते मांडले जात, त्या तोंडाकडे पाहण्याचे आम्हाला सुचले नाही.

त्या तरुण डॉक्टरांना आम्ही दोष देऊन मोकळे झालो असतो. पुढे चौकशी केली तेव्हा निराळीच गोष्ट समजली. एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात कर्करोग हा स्वतंत्र विषयच नाही. त्याचा एक तुकडा विकृतिशास्त्रात येतो, एक शस्त्रक्रियेत, एक स्त्रीरोगांत, एक कान-नाक-घशाच्या रोगांत. हे तुकडे जुळवण्याचे काम विद्यार्थ्याने आपले आपण करायचे. मोठ्या रुग्णालयात त्याला जो रोगी दिसतो, तो बहुधा रोग वाढल्यावर आलेला असतो. सुरुवातीचा पांढरा डाग घेऊन कोणी रुग्णालयात जात नाही. तो डाग खाणीच्या फाटकावर, तेंदूच्या फडावर आणि जत्रेत हिंडत असतो.

म्हणून आम्हाला वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या मंडळांविषयी सांगावयाचे आहे. अभ्यासक्रमाबाहेर, स्वतःच्या हौसेने, विद्यार्थी एकत्र येतात आणि कर्करोगाचे ज्ञान स्वतः मिळवून लोकांपर्यंत नेतात, असा हा प्रकार आहे. अमेरिकेतील अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत अशी मंडळे आहेत. तेथे विद्यार्थीच तज्ज्ञांना बोलावतात आणि त्यांच्यामागे वॉर्डात फिरतात. जर्मनीत २०१२ साली वैद्यक विद्यार्थ्यांनी तंबाखूविरोधी शिक्षणाचे जाळे सुरू केले. ते शाळांत जाऊन मुलांशी बोलतात, आणि आता ते इतर देशांतही पसरले आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला पन्नाशीच्या डॉक्टरपेक्षा विशीतल्या विद्यार्थ्याचे बोलणे जवळचे वाटते, एवढी साधी त्यातली कल्पना.

आपल्याकडे हे नवीन आहे असे मात्र कोणी समजू नये. १९७४ साली तरुण डॉक्टर आणि वैद्यक विद्यार्थी यांनी मिळून मेडिको फ्रेंड सर्कल नावाचे मंडळ काढले, ते जयप्रकाशांच्या चळवळीच्या वाऱ्यात. सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली काढलेल्या महाविद्यालयात दरवर्षी नव्या तुकडीने एक गाव दत्तक घ्यायचे, तेथे राहायचे आणि नेमून दिलेल्या कुटुंबांची विचारपूस करायची, अशी रीत पडली. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने कुटुंबे दत्तक घेण्याची योजना अलीकडे देशातील सर्वच महाविद्यालयांना लागू केली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या आधाराने २००६ पासून ‘निर्माण’ हा तरुणांचा उपक्रम चालतो. त्यात वैद्यक विद्यार्थी येतात. २०१६ साली याच जिल्ह्यात दारू आणि तंबाखूविरुद्ध ‘मुक्तिपथ’ सुरू झाले. रस्ता आहे, चालणारेही आहेत. विद्यार्थ्यांनी स्वतः चालविलेले, फक्त कर्करोगाला वाहिलेले मंडळ प्रत्येक महाविद्यालयात असावे, एवढीच आमची जादा मागणी आहे.

विद्यार्थ्यांना हे झेपेल काय, असे कोणी विचारील. तोंडाचा कर्करोग हा डोळ्यांना दिसणारा रोग आहे. त्यासाठी यंत्र लागत नाही. बॅटरी लागते, स्वच्छ हात लागतात आणि काय पाहायचे ते ठाऊक असावे लागते. गालाच्या आत किंवा जिभेच्या कडेला पांढरा अथवा लाल चट्टा. दोन-तीन आठवड्यांत न भरणारे छाले. आणि आखडत चाललेले तोंड. शेवटची खूण घरी पाहता येते. तोंड पूर्ण उघडून स्वतःची तीन बोटे, एकावर एक उभी, आत जातात का पाहावे. जात नसतील तर डॉक्टर गाठावा. हे आखडणे मुख्यतः सुपारीमुळे होते. ‘आम्ही तंबाखू टाकत नाही, साधी सुपारी खातो,’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात; जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरविले आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात डॉक्टर नसलेल्या पदवीधरांना शिकवून घरोघर पाठविण्यात आले आणि त्यांनी लोकांची तोंडे तपासली. २००५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले होते. डॉक्टर नसलेल्यांना हे जमले, तर डॉक्टर होऊ घातलेल्यांना का जमू नये? अट एकच: रोगनिदान त्यांनी करायचे नाही. संशय आला की शिक्षकाला दाखवायचे, आणि तुकडा काढून तपासायचा की नाही ते त्यांनी ठरवायचे.

आता आमच्या अनुभवातले थोडे. विद्यार्थ्यांचे मंडळ आणि कंत्राटी कामगारांची युनियन यांचे दुखणे एकच: माणसे टिकत नाहीत. उत्साही मुलगी तिसऱ्या वर्षाला मंडळ काढते, परीक्षा येते, ती निघून जाते आणि मंडळ कपाटात जाते. म्हणून पहिल्या दिवसापासून इतिवृत्ताची वही हवी, वर्गणी हवी (दहा रुपये का होईना), आणि चिटणिसाच्या जोडीला खालच्या वर्गातला सहचिटणीस हवा. प्राध्यापक सल्लागार असावेत, अध्यक्ष नसावेत. वरून आलेले काम हजेरीपुरते होते, हे आम्ही सरकारी योजनांत पुष्कळ पाहिले आहे.

दुसरे, बोलण्याचे. एकदा आमच्या विनंतीवरून काही विद्यार्थी पाळी सुटण्याच्या वेळी फाटकावर आले होते. एकाने तक्ता उभारून सडलेल्या जबड्याची चित्रे दाखविली. कामगार हसले आणि पुढे गेले. त्याच्याबरोबरची मुलगी मात्र एका वयस्क माणसाजवळ जाऊन बसली. ‘काका, खर्रा केव्हा केव्हा लागतो?’ एवढेच तिने विचारले. तो म्हणाला, ‘काहून सोडू जी? भूक मारते, झोप मारते. आठ घंटे अंधारात काढाचे हायेत.’ तिने ते वहीत लिहून घेतले आणि मग म्हणाली, ‘जरा तोंड दाखवता का?’ त्याने दाखविले. त्या संध्याकाळी आणखी अकरा जणांनी दाखविले.

खर्रा हा नुसता नाद नाही, तो उपाशी पोटाचा आणि लांब पाळीचा सोबती आहे. हे ज्याला कळले त्यालाच तो सोडवता येईल. फाटकावर दोन रुपयांत चहा-नाश्ता मिळावा ही आमची जुनी मागणी होती. ती कर्करोगाविरुद्धचीही मागणी आहे हे आम्हाला त्या मुलीच्या वहीमुळे कळले. आमच्यातही विसंगती आहेच. तेंदूपत्त्याला चांगला भाव मिळावा म्हणून आम्ही मोर्चे काढतो, आणि त्या पानाची बिडी होते. उन्हाळ्याचे ते थोडे दिवस कित्येक घरांचे वर्ष चालवतात. भाव मागणे आम्ही सोडणार नाही. पण हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारला तर टाळणारही नाही.

चंद्रपुरात २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीत २०२४ साली सुरू झाले. म्हणजे मार्कंड्याच्या दोन्ही बाजूंना विशीतली शेकडो मुलेमुली वैद्यक शिकत आहेत. कथेतल्या मार्कंडेयाला सोळाच वर्षांचे आयुष्य होते. आपल्याकडे त्याच्याहून लहान मुले पानठेल्यावर उभी दिसतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण ठेल्यावर हाताने घोटलेली पुडी कागदी बंदीला सहज सापडत नाही. तेव्हा जत्रेत, दर्शनाच्या रांगेशेजारी, विद्यार्थ्यांच्या मंडळाने एक टेबल मांडावे. रांगेतल्या माणसाला तसाही वेळ असतो. बॅटरी, हातमोजे, लाकडी चपट्या काड्या आणि एक शिक्षक, एवढे सामान पुरे.

मात्र डाग सापडल्यावर पुढे काय, हे आधी ठरले पाहिजे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून कर्करोगाच्या उपचाराचा खर्च मिळतो. बुडालेली मजुरी मिळत नाही, आणि गावाहून नागपूरला बरोबर कोण जाणार, हेही त्या योजनेत लिहिलेले नाही. पुष्कळ माणसे नेमकी येथेच गळतात. हा भाग आमच्यासारख्या संघटनांनी उचलावा. विद्यार्थ्यांनी वहीत नाव, गाव, डाग कोठे आहे ते आणि पुन्हा पाहण्याची तारीख लिहावी. माणूस त्या तारखेला आला नाही, तर त्याच्या घरी जाण्यासाठी आमचा एक सभासद आम्ही देऊ.