पहिले उड्डाण टेबलावरच ठरते

नंदिनी नगर म्हटले की दुर्ग-भिलईकडच्या माणसाला दोन गोष्टी हटकून आठवतात. एक म्हणजे चुनखडीच्या खाणी आणि दुसरी विमानाची धावपट्टी. १९५५ साली झालेल्या भारत-सोव्हिएत करारातून भिलईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. लोखंडातील नको असलेला भाग मळीच्या रूपाने वेगळा करण्यासाठी भट्टीला चुनखडी लागते. ती नंदिनीच्या खाणींतून येत राहिली. धावपट्टीही कारखान्याचीच.

या भागात नोकरीनिमित्त आलेली आणि इथलीच होऊन गेलेली कितीतरी मराठी कुटुंबे आहेत. ज्या घरात पाना-पक्कड रोजच्या वापरात असते, तिथल्या मुलांना वस्तू खोलून पुन्हा जोडण्याची हौस असतेच. त्यात डोक्यावरून एखादे विमान गेले की ‘आपणही एक बनवू’ हा हट्ट सुरू होतो. हा हट्ट मोडून काढण्यासारखा मुळीच नाही. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागात एरोमॉडेलिंग हा प्रशिक्षणाचा भाग आहे आणि अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धाही होतात.

मात्र रिमोटचे विमान हे खेळणे नव्हे. त्यात काही हजार रुपये आणि कित्येक रविवार खर्ची पडतात आणि घाई केली तर ते सारे पहिल्या दहा सेकंदांत मातीला मिळते. गंमत अशी, की यातले बहुतेक अपघात हवेत घडत असले तरी त्यांचे कारण घरातल्या टेबलावरच राहून गेलेले असते.

दीडशे वर्षांची हौस

१८७१ साली फ्रान्सच्या अल्फोन्स पेनो याने रबराच्या पिळावर चालणारे छोटे विमान पॅरिसच्या बागेत उडवून दाखवले. ते सुमारे ११ सेकंद हवेत स्थिर राहिले. १८९८ साली निकोला टेस्लाने न्यूयॉर्कमध्ये बिनतारी लहरींवर चालणारी होडी लोकांपुढे आणली. या दोन्ही कल्पना एकत्र करून १९३७ साली अमेरिकेतील वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी रेडिओवर चालणारे विमान उडवले. पेनोच्या विमानाचे यश त्याच्या नेमक्या तोलात होते. आजच्या विमानालाही तोच नियम लागू आहे.

सुरुवात कशाने करावी

बाजारातले लढाऊ जेट दिसायला कितीही देखणे असले तरी नवशिक्याने त्याच्या मोहात पडू नये. पंख वरच्या बाजूला बसवलेले, दोन्ही टोके किंचित उचललेली आणि सव्वा ते दीड मीटर लांबीच्या पंखांचे ‘ट्रेनर’ विमान घ्यावे. असे विमान एका बाजूला कलले तरी आपण होऊन सरळ होऊ पाहते. ते फोमचे असेल तर दुरुस्ती सोपी. बाल्साच्या हलक्या लाकडाचे असेल तर काम नाजूक, पण शिकायला अधिक मिळते.

जोडणी: दोरा आणि मोजपट्टी

डिंक लावण्यापूर्वी सगळे भाग नुसते जुळवून पाहावेत. पंख बसवले की शेपटीच्या मध्यापासून पंखाच्या दोन्ही टोकांपर्यंत दोरा ताणून मोजावा. दोन्ही अंतरे सारखी हवीत. नंतर विमानाच्या मागे चार-पाच पावलांवर उभे राहून आडवी शेपूट पंखांना समांतर आहे का आणि उभी शेपूट ओळंब्यासारखी सरळ आहे का, ते पाहावे. इथे राहिलेला थोडासा तिरकसपणा हवेत सतत एका बाजूला खेचत राहतो. दोन भाग मिसळून लावायचा ॲराल्डाइटसारखा डिंक बेताचाच वापरावा. शेपटीकडचे जादा वजन पुढे नाकात दुपटीतिपटीने शिसे घालून फेडावे लागते.

दोन बोटांची परीक्षा

विमानाचा गुरुत्वमध्य कुठे आहे, यावर बाकी सगळे अवलंबून असते. साध्या ट्रेनर विमानात तो पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर असावा लागतो. पंख २४ सेंटिमीटर रुंद असेल तर ही जागा ६ ते ७ सेंटिमीटरवर येते. पुस्तिकेत नेमका आकडा दिला असेल तर तोच धरावा.

बॅटरीसह सर्व सामान जागेवर बसवून दोन्ही पंखांखाली त्या खुणेवर एकेक बोट टेकवावे आणि विमान उचलावे. ते सपाट किंवा नाकाकडे अगदी किंचित झुकलेले राहिले पाहिजे. नाक थोडे जड असले तर विमान सुस्त वाटते, पण हाताळता येते. शेपूट जड असली तर मात्र ते नाक वर काढते, वेग गमावते आणि नवशिक्याला काही कळायच्या आत कोसळते. तोल चुकत असेल तर आधी बॅटरी पुढेमागे सरकवावी. तेवढ्याने भागले नाही तरच शिसे लावावे.

उजवे ते उजवेच

दुसरी मोठी चूक दिशेची. सर्व्हो ही छोटी मोटर उलट्या बाजूने बसली की पंखाची झडप उलटी हलते. टेबलावर ते लक्षात येत नाही, हवेत मात्र उजवीकडे वळवलेले विमान डावीकडे कलते.

म्हणून प्रोपेलर काढून ठेवून, विमानाच्या मागे उभे राहून तपासावे. कांडी उजवीकडे नेली की उजव्या पंखावरची झडप वर आणि डावीकडची खाली गेली पाहिजे. दुसरी कांडी उजवीकडे नेली की उभ्या शेपटीचे सुकाणू उजवीकडे वळले पाहिजे. उंचीची कांडी स्वतःकडे ओढली की आडव्या शेपटीची झडप वर उचलली गेली पाहिजे. चूक निघाली तर रिमोटमध्ये दिशा बदलण्याची सोय असते. ही तपासणी एकाने वाचावी आणि दुसऱ्याने करावी. घरातल्या आई-वडिलांना विमानातले काही कळत नसले तरी हे काम त्यांना उत्तम जमते.

रिमोट आधी, विमान नंतर

सुरू करताना आधी रिमोट, मग विमान. बंद करताना आधी विमान, मग रिमोट. हा क्रम मोडू नये. १९९० च्या दशकात प्रत्येक रिमोटला ठरावीक क्रिस्टल असे आणि मैदानावर दोघांचा क्रिस्टल सारखा निघाला की एकाचे विमान हमखास पडे. आजच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या रिमोटमुळे ती भीती जवळजवळ गेली आहे, पण लहरींचा पल्ला तपासण्याची गरज संपलेली नाही. रिमोटवरील ‘रेंज चेक’ची सोय चालू करून पुस्तिकेत सांगितलेल्या अंतरावर, साधारण तीसेक पावलांवर जावे आणि सर्व झडपा नीट हलतात का, ते पाहावे. संपर्क तुटला तर मोटर आपोआप थांबते का, हेही प्रोपेलर लावण्यापूर्वीच तपासावे. सुटलेला प्रोपेलर बोटे कापू शकतो.

लिथियम पॉलिमर बॅटरी चार्ज होत असताना घर सोडून जाऊ नये. फुगलेली बॅटरी वापरू नये. छत्तीसगडच्या मे महिन्यात पारा चाळीशीच्या पुढे जातो. बंद मोटारीत ठेवलेली बॅटरी अशा वेळी धोक्याची ठरते. विरळ झालेल्या गरम हवेत विमानाला उचलायलाही अधिक धाव लागते. त्यामुळे पहाटेचा शांत वारा सर्वांत चांगला.

मैदानात जाण्यापूर्वी

मैदान मोकळे, वस्तीपासून आणि विजेच्या तारांपासून दूर असावे. धावपट्टी दिसली म्हणून तिथे विमान नेता येत नाही, मालकाची परवानगी लागते. ‘ड्रोन नियम, २०२१’ नुसार करमणुकीसाठी किंवा शिक्षणासाठी नजरेच्या टप्प्यात उडवलेले २५ किलोपर्यंतचे विमान ‘मॉडेल’ या वर्गात मोडते, पण जागेचे बंधन त्यालाही आहे. विमानतळ आणि मोठे प्रकल्प यांच्या आसपास राहणाऱ्यांनी तर सरकारी नकाशात आपली जागा हिरव्या, पिवळ्या की लाल क्षेत्रात येते, हे आधी पाहावे. पिवळ्या आणि लाल क्षेत्रात परवानगीशिवाय उडवता येत नाही.

पहिले उड्डाण जाणकाराच्या हातून करवून घेण्यात कमीपणा नाही. तो विमान वाऱ्याच्या समोर सोडतो, उंचीवर नेऊन ते सरळ जाईल असे लावून देतो आणि मग रिमोट शिकणाऱ्याच्या हाती देतो. विमान आपल्या दिशेने येऊ लागले की डावे-उजवे उलटे भासते. अशा वेळी जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्या बाजूला कांडी न्यावी, म्हणजे विमान सरळ होते. पहिल्या दिवशी पाच मिनिटे पुरेत.

आणि वारा जोराचा असेल, एखादी झडप अडखळत असेल किंवा तोलाबद्दल शंका असेल, तर विमान तसेच घरी आणावे. त्या दिवशी मुलाचा चेहरा उतरेल, पण पुढच्या रविवारी उडवायला विमान शाबूत असेल.