अहोजाहो, अरेतुरे आणि फ्रेंच

फ्रेंच शिकायला सुरुवात करणारे पुण्या-मुंबईत पुष्कळ असतात. कुणी शाळेत भरघोस गुण मिळतात म्हणून, कुणी भाषांतराच्या नोकरीसाठी, तर कुणी क्यूबेकला स्थायिक व्हायचं म्हणून. युरोप परिषदेने 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकटीत ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्या आहेत. त्यांतल्या पहिल्या तीन बऱ्याच जणांना जमतात. गाडी अडते ती बी-टूच्या आसपास. क्रियापदांचे तक्ते पाठ असतात, बातमी निम्मीशिम्मी कळते, पण लिहिलेला परिच्छेद लाल शाईने भरून परत येतो. अशा वेळी शब्दसंग्रह वाढवा, सिनेमे बघा, असा सल्ला मिळतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. मराठी विद्यार्थ्याची या टप्प्यावरची अडचण शब्दांची थोडी आणि वाटेची जास्त असते. तो फ्रेंचकडे इंग्रजीच्या दारातून जातो, आणि नेमकी जिथे फ्रेंच मराठीच्या शेजारी राहते तिथेच लांबचा वळसा घेतो.

साधं क्रियापद घ्या, 'प्लेर'. 'स लीव्र म प्ले' म्हणजे हे पुस्तक मला आवडतं. फ्रेंच वाक्यात पुस्तक कर्ता आणि 'मला' ते 'मला'च, शब्दाला शब्द लावून बघा. इंग्रजीतून येणारा आधी 'मी' कर्ता करतो, मग वाक्य उलटं करतो, आणि घाईत उलटं करायचं विसरतो. 'त्यु म माँक', म्हणजे तुझी उणीव मला भासते, हे वाक्य तर इंग्रजीच्या वळणाने जुळवलं की अर्थच फिरतो: 'तुला माझी उणीव भासते' असं होऊन बसतं. भूतकाळाचंही तेच. इंग्रजीतलं 'वेंट' एकदा गेलेल्यालाही चालतं आणि रोज जाणाऱ्यालाही. मराठीत 'गेला' वेगळा आणि 'जायचा' वेगळा, हे शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक असतं. फ्रेंचमध्ये 'गेला' बहुधा पासे काँपोझेत जातो, आणि 'जायचा' व 'जात होता' हे दोघे अँपारफेत. ज्या सुबजोंक्तीफची विद्यार्थ्यांना धास्ती असते, ते रूपही आपल्याला अगदीच परकं नाही. 'झ व्ह क त्यु व्हियेन' म्हणजे 'तू यावंस असं मला वाटतं'. 'पूर क त्यु काँप्रेन' म्हणजे 'तुला कळावं म्हणून'. प्रत्यक्ष घडलेलं आणि नुसतं इच्छिलेलं यांत क्रियापदाचं रूप बदलणं ही मराठीची रोजची सवय आहे. आणि 'त्युत्वाये', 'व्हुव्वाये' या क्रियापदांचा अर्थ सांगताना इंग्रजी कोशाला अख्खं वाक्य खर्चावं लागतं. आपण म्हणतो अरेतुरे करणे, अहोजाहो करणे. संपलं!

सगळ्यात बोलका पुरावा मात्र फ्रेंच मुलांनाही रडवणाऱ्या एका नियमात आहे. 'झे एक्री ले लेत्र' म्हणजे मी पत्रं लिहिली. पण 'मी लिहिलेली पत्रं' म्हणायचं झालं की 'ले लेत्र क झे एक्रीत'. शेवटी एक 'त' ऐकू येऊ लागला, कारण कर्म क्रियापदाच्या आधी आलं आणि धातुसाधिताने त्याचं लिंगवचन घेतलं. हा नियम फ्रेंचमध्ये रुजवण्याचं श्रेय किंवा खापर सोळाव्या शतकातला कवी क्लेमाँ मारो याच्याकडे जातं. त्याने इटालियनकडे बोट दाखवलं होतं. 2018 मध्ये बेल्जियममधल्या दोन माजी शिक्षकांनी 'आव्हवार' या सहायक क्रियापदासोबतची ही जुळवणी सोडूनच द्या, असा प्रस्ताव मांडला तेव्हा केवढा वाद झाला! मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. मी लेख लिहिला, चिठ्ठी लिहिली, पत्र लिहिलं: लिहिणारा तोच, क्रियापद मात्र कर्माच्या मागे. हा आपला कर्मणी प्रयोग. उलट 'ती आली' मध्ये क्रियापद कर्त्याशी जुळतं, आणि फ्रेंचमध्येही 'एत्र' हे दुसरं सहायक घेणारं 'व्हनीर', म्हणजे येणे, कर्त्याशीच जुळतं. फरक आहेत. फ्रेंच कर्म आधी आहे की नंतर हे बघते, मराठी बघत नाही. 'मी तिला पाहिलं' मध्ये 'ला' लागल्याने आपली जुळवणी तुटते, फ्रेंचमध्ये 'तिला' हे थेट कर्म असल्याने ती टिकते आणि धातुसाधिताला एक मुका 'अ' चिकटतो. पण ज्याला कर्मणी आणि भावे प्रयोगांतला भेद कळतो, त्याला हा फरक अर्ध्या तासात समजावता येतो. ज्याच्या हाताशी फक्त 'आय रोट' आहे, त्याला तो महिनोन् महिने पाठ करावा लागतो.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. 1066 मध्ये नॉर्मन इंग्लंडात उतरल्यापासून इंग्रजीने फ्रेंच शब्दांची गोदामंच भरली. ती किल्ली फेकून द्यायची का? मुळीच नाही. सुरुवातीच्या पायऱ्यांवर तिच्याइतका उपयोग कशाचाच नाही. पण वर चढावं तशी तीच किल्ली भलती कुलपं उघडते. 'अक्त्युएलमाँ' म्हणजे खरं तर नव्हे, सध्या. 'एव्हाँत्युएलमाँ' म्हणजे शेवटी नव्हे, जमलंच तर. 'असिस्ते' म्हणजे मदत करणं कमी आणि हजर राहणं जास्त. 'ऑर' या चिमुकल्या शब्दाला इंग्रजी डोळा 'किंवा' समजतो, तर तो युक्तिवादाचं पुढचं पाऊल टाकतो: माणूस मर्त्य आहे, आता सॉक्रेटिस माणूस आहे, तेव्हा… त्या वाक्यातला 'आता' म्हणजे 'ऑर'. असे शब्द बी-टूच्या निबंधाचे सांधे असतात, आणि सांधा चुकला की अख्खा परिच्छेद लंगडतो.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा: फ्रेंच फ्रेंचमधूनच शिकवावी, मध्ये कुठलीच भाषा नको. वर्गातल्या बोलण्यापुरतं हे शंभर टक्के मान्य. पण प्रौढ विद्यार्थी मनात तुलना करतोच. ती थांबवता येत नाही. कशाशी करायची एवढंच ठरवता येतं. मराठीही फसवते, हेही कबूल करायला हवं. उपपदं आपल्याकडे नाहीत, त्यामुळे 'द्यु', 'द ला', 'दे' यांच्या जंगलात मराठी काडीची मदत करत नाही. नामांचं लिंग जुळलं तर योगायोग. 'ब्यँ क' म्हणजे 'जरी'. त्यापुढे फ्रेंच सुबजोंक्तीफ मागते, आपण 'जरी पाऊस आहे' असं सरळ म्हणून मोकळे होतो. 'द्स्यु' म्हणजे वर आणि 'द्सू' म्हणजे खाली, हा एका स्वराचा फरक कानाला शिकवावाच लागतो.

आणि एक गोष्ट मराठीत नाही, इंग्रजीतही फारशी नाही: फ्रेंच शाळेची लेखनशिस्त. दाल्फ या फ्रेंच प्रमाणपत्राच्या सी-वन पातळीवरच्या लेखी परीक्षेत अडीच तास असतात. त्यात एकूण सुमारे हजार शब्दांचे उतारे वाचून 220च्या आसपास शब्दांत 'सँतेझ' लिहायचा: उताऱ्यांतली वाक्यं उचलायची नाहीत, स्वतःचं मत घुसडायचं नाही, उतारे एकापाठोपाठ न आवळता त्यांचे मुद्दे एकमेकांत विणायचे. 'सेतादीर' हा जोडरेषांचा लांबलचक शब्द तिथे एकच मोजतात, एवढाच दिलासा. त्यानंतर किमान 250 शब्दांचा निबंध, आणि तिथे मात्र मत हवंच. आपला शालेय निबंध सुविचाराने उघडतो आणि मत सगळीकडे शिंपडत जातो, त्यामुळे इथे हुशार विद्यार्थीही घसरतात. ही सवय अंगी बाणवायला मराठीचा एक आडवळणी उपयोग होतो: दोन मराठी वृत्तपत्रांतले एकाच विषयावरचे अग्रलेख घ्यायचे आणि त्यांचा सँतेझ आधी मराठीत लिहून बघायचा. भाषेचं ओझं उतरल्यावर चूक भाषेची होती की विचाराच्या मांडणीची, हे पाच मिनिटांत कळतं.

सी-वनच्या पायरीवर काय वाचावं, असं विचारणाऱ्यांच्या हाती सहसा कादंबरी दिली जाते. मराठी वाचकासाठी आणखी एक पुस्तक आहे: ज्यूल ब्लॉक या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने मराठीच्या घडणीवर लिहिलेला, 1920 मध्ये पॅरिसला निघालेला ग्रंथ. वा. गो. परांजपे यांनी त्याचा मराठी अनुवाद केला आहे, तेव्हा अडलं तर उत्तरपत्रिका तयार. भाषा विद्वानाची, सांध्यांनी गच्च भरलेली. पण उदाहरणं सगळी आपल्या तोंडातली.