तापणारी गाडी, गोठणारा गॅस

एप्रिल सरत आला की अकोल्याचा पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि मे महिन्यात ४५ च्या पुढे सरकतो. माणूस सावली धरतो, म्हैस डबक्यात बसते. पण आपल्या वस्त्यांमधली मारुती व्हॅन भर उन्हात पळतच असते. शाळा सुरू असली की लेकरांची ने-आण, सुट्या लागल्या की लग्नाचे भाडे, मधल्या काळात आठवडी बाजारात कापडाचे नाहीतर भाजीचे गाठोडे. १९८४ साली ही गाडी बाजारात आली, पुढे तिला ओम्नी हे नाव मिळाले आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज आपल्या दारात उभी असलेली प्रत्येक ओम्नी जुनीच म्हणायची. त्यातही कित्येक पेट्रोलवरून गॅसवर नेलेल्या. अशा एका गाडीवर पाच-सहा माणसांचे घर चालते, म्हणून ती चार दिवस गॅरेजात पडली तर चुलीपर्यंत झळ पोहोचते.

या गाड्यांची तक्रार अमरावतीत ऐका की मूर्तिजापुरात, एकच असते. उन्हाळ्यात गाडी तापते आणि थंडीच्या सकाळी गॅसवर टाकली की धापा टाकून बंद पडते. एक मिस्तरी म्हणतो रेडिएटर बदला, दुसरा म्हणतो गॅसची किट गेली. मालक बिचारा दोन्हींचे पैसे मोजतो. तापणे आणि गोठणे ही दोन वेगळी दुखणी वाटतात खरी, पण बहुतेक वेळा मूळ एकच असते, ते म्हणजे गाडीतले पाणी.

लग्नाच्या भटारखान्यात मोठी भट्टी जोरात पेटली की सिलिंडरला बाहेरून घाम सुटतो, कधी पांढरे बर्फही धरते, हे आपल्या आया-बहिणींनी पाहिलेले आहे. सिलिंडरातला गॅस आत पातळ रूपात असतो. त्याची वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो, म्हणून भांडे गार पडते. गाडीत हेच काम रेड्युसर नावाचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा करतो. टाकीतून आलेल्या पातळ गॅसची त्यात वाफ होते आणि ती इंजिनाकडे जाते. या डब्याला गारठ्यापासून वाचवायला इंजिनाचे गरम पाणी दोन होज पाइपांनी त्यातून फिरवलेले असते. म्हणजे गॅसवरच्या गाडीत एकच पाणी दोन कामे करते. इंजिनाला थंड ठेवते आणि रेड्युसरला गरम ठेवते. पाणी कमी झाले, मध्ये हवा अडकली किंवा पाइप कोंदला की दोन्ही कामे बिघडतात. इंजिन तापते आणि त्याच वेळी रेड्युसरवर बर्फ धरते. मे महिन्याच्या दुपारी बॉनेटखाली किंवा सीटखाली बर्फ पाहून माणूस चक्रावतो, पण त्यात जादू काही नाही. तथागतांनी सांगितलेला कार्यकारणभाव इथेही तितकाच लागू आहे. काही गाड्यांच्या बंपरला लिंबू-मिरची लटकलेली दिसते. तिने गळका होज आजवर बंद झालेला नाही.

आधी दोन्ही पाइपांना हात लावा

पैसे खर्च करण्यापूर्वी तपास घरी करता येतो. गाडी पेट्रोलवर सुरू करून दहा-पंधरा मिनिटे चालवा. काटा मध्यावर आला की इंजिन बंद करा, पंख्यापासून हात दूर ठेवा आणि रेड्युसरला जाणारे व त्यातून परत येणारे पाण्याचे दोन्ही पाइप जपून चाचपा. दोन्ही गरम असतील तर पाणी फिरते आहे. एक गरम आणि एक थंड असेल तर डबा आतून कोंदला आहे किंवा त्यात हवा अडकली आहे. दोन्ही थंड असतील तर पाण्याची पातळी खाली गेली असावी किंवा वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, काम करत नसावा.

मीटरच्या काट्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. त्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तोवरच तो खरे सांगतो. पाणी फार उतरले की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खाली येतो. चालकाला वाटते गाडी थंड झाली, आणि तिकडे हेड गॅस्केट उडालेली असते. काटा एकदम खाली आला, इंजिनाचा आवाज कोरडा झाला, रेड्युसरवर दव दिसले, तर गाडी तिथेच उभी करावी.

दुसरी परीक्षा याहून सोपी. एक दिवस गाडी पूर्ण पेट्रोलवर चालवा, त्याच रस्त्याने, तितक्याच सवाऱ्या घेऊन. पेट्रोलवरही तापत असेल तर दोष पाण्याच्या यंत्रणेत शोधावा, म्हणजे रेडिएटर, पंखा, पंप, थर्मोस्टॅट, झाकण. फक्त गॅसवर तापत असेल तर गॅस कमी आणि हवा जास्त असे मिश्रण जात असते, किंवा टायमिंग मागे पडलेले असते. गॅस कमी सोडला की अ‍ॅव्हरेज वाढते म्हणून किटचा स्क्रू आवळून घेणारे पुष्कळ आहेत. चार पैसे वाचतात आणि व्हॉल्व्ह जळतात. पेट्रोल आत जाताना थोडा ओलावा आणि गारवा देते, तसा वाफ झालेला गॅस देत नाही. जुन्या इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या बैठका त्यामुळे लवकर झिजतात आणि टॅपेट घट्ट होत जातात. दर सर्व्हिसिंगला टॅपेटचे अंतर मोजून घ्यायला मिस्तरीला आठवण करावी. तो आपणहून बहुधा करत नाही.

अमरावती-अकोला रस्त्याचीही यात भूमिका आहे. हा रस्ता वर्षानुवर्षे खड्ड्यांचा होता. जून २०२२ मध्ये याच राष्ट्रीय महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेस बुकात विक्रम नोंदला गेला. रस्ता गुळगुळीत झाला आणि पूर्वी चाळीसने जाणारी व्हॅन आता आठ माणसे भरून ऐंशीने पळते. आठशे सीसीचे लहान इंजिन तासभर पूर्ण जोरावर राहिले की जी कमजोरी खड्ड्यांत लपून राहायची ती उघडी पडते. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढतानाही तेच घडते.

खारपाणपट्ट्याचे पाणी

आता मुख्य गोष्ट. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा गेला आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागांतल्या लोकांना तो काय आहे हे सांगण्याची गरज नाही. विहिरीचे आणि हापशीचे पाणी मचूळ, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हंड्याला पांढरा थर धरतो. या पाण्याने मूत्रपिंडे खराब होतात ही गावोगावची तक्रार आहे आणि नळयोजनांसाठी लोकांना वर्षानुवर्षे झगडावे लागले आहे. जे पाणी आपण लेकरांना प्यायला देत नाही ते गाडीला मात्र बिनदिक्कत पाजतो. रस्त्यात गाडी तापली, शेजारच्या हापशीवरून बादली भरली, ओतली आणि निघालो.

हंड्यात जो थर धरतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो. क्षाराचा थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही. वर मीठ अ‍ॅल्युमिनियमला खाते. इंजिनाचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे आणि रेड्युसरही अ‍ॅल्युमिनियमचा. रेड्युसरमधली पाण्याची वाट सर्वांत अरुंद असल्यामुळे कोंदण्याचा पहिला मान त्याचाच. म्हणून आपल्या भागात ‘किट गेली’ असे निदान झाले की डबा फेकण्यापूर्वी तो उघडून आतून साफ करून पाहावा. पुष्कळदा पांढरा-तांबडा गाळ निघतो आणि नवा पडदा व वायसर टाकून तोच डबा पुढे चालतो. पितळी रेडिएटर असेल तर रेडिएटरवाल्याकडून रॉडिंग करून घेता येते. अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर रॉडिंगच्या फंदात पडू नये, नळी फुटते.

पाणी घालायचेच तर बॅटरीच्या दुकानातले डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. बहुतेक निम्मे-निम्मे चालते. कूलंट थंडीसाठी असते, आपल्याकडे काय गरज, असे पुष्कळ चालक म्हणतात. ते चूक आहे. कूलंट गंज रोखते आणि उकळण्याचा बिंदूही वर नेते. दोन वर्षांनी ते बदलावे. अगदीच परवडत नसेल तर पहिले दोन-तीन पाऊस जाऊ देऊन स्वच्छ पत्र्यावरचे पावसाचे पाणी गाळून कॅनमध्ये भरून ठेवावे. हापशीच्या पाण्यापेक्षा ते शतपट बरे. आणि एक गोष्ट घरच्यांसाठी. कूलंट चवीला गोडसर आणि जीवघेणे विषारी असते. सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नये. लेकरे आणि गल्लीतली कुत्री दोघांनाही धोका आहे.

थर्मोस्टॅटवर वऱ्हाडात फार अन्याय झाला आहे. गाडी तापली की तो काढून फेकणे हा जणू रिवाज. उन्हाळ्यात त्याचे काही वाटत नाही. डिसेंबरच्या पहाटे मात्र इंजिन लवकर गरम होत नाही, रेड्युसरला ऊब मिळत नाही, गॅसवर गाडी झटके देते आणि खपही वाढतो. थर्मोस्टॅट खराब आहे की नाही हे चुलीवर कळते. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. जुन्या भांड्यात पाणी घेऊन तो दोऱ्याने टांगून बुडवा आणि तापवा. पाण्याला उकळी येईपर्यंत तो उघडला पाहिजे आणि थंड झाल्यावर मिटला पाहिजे. दुधाचे पातेले मात्र घेऊ नका, घरात वेगळीच उकळी फुटेल.

रेडिएटरचे झाकण ही आणखी एक हलक्यात घेतली जाणारी वस्तू. झाकणाची स्प्रिंग आत दाब धरून ठेवते, म्हणून पाणी १०० अंशांवर उकळत नाही, ११५ च्या पुढे गेल्यावर उकळते. रबर चिरले की दाब जातो आणि पाणी बाटलीतून बाहेर पडते. हजारोंचे काम काढण्यापूर्वी हे झाकण बदलून पाहावे. विजेचा पंखा रिवाइंडिंग करून आणल्यावर त्याच्या तारा उलट जोडल्या गेल्या की तो वारा ओढण्याऐवजी ढकलतो. रेडिएटरच्या पुढे कागद धरून पाहावा, तो जाळीला चिकटला पाहिजे.

रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील तर घाईने हेड उतरवू देऊ नका. बुडबुडे गॅसवर येतात आणि पेट्रोलवर थोड्या वेळाने थांबतात, तर रेड्युसरचा पडदा किंवा पॅकिंग फाटून गॅस पाण्यात शिरतो आहे. तेव्हा गॅसची चावी बंद ठेवून पेट्रोलवरच गॅरेज गाठा, आणि जवळ विडी-काडी कुणालाही ओढू देऊ नका. दोन्हींवर बुडबुडे येतात, ऑइल दुधाच्या चहासारखे दिसते, सायलेन्सरमधून पांढरा धूर सुटतो, तर गॅस्केटच गेली आहे.

आता लाल सिलिंडरविषयी. गाड्यांत गॅस वापरण्याला आपल्याकडे २००० साली कायदेशीर परवानगी मिळाली. ती गाडीसाठी बनवलेल्या टाकीला आहे, घरगुती सिलिंडरला नाही. गाडीची टाकी ऐंशी टक्के भरली की आपोआप बंद होते, कारण उन्हाने गॅस फुगतो आणि त्याला जागा लागते. घरगुती सिलिंडरातून मोटरने गॅस ओढून भरणाऱ्याकडे यातली कसलीच सोय नसते. नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगाव शहरात असाच गॅस भरताना ओम्नीचा स्फोट झाला, माणसे होरपळली आणि त्यातली काही दगावली. सीटखाली लाल सिलिंडर दडवून दहा लेकरे शाळेत नेणे पहिल्या शीलात बसत नाही. आईबापांनी व्हॅनमध्ये वाकून पाहण्यात संकोच कसला? आरसी पुस्तकावर गॅसची नोंद आहे का हेही विचारावे. नोंद नसेल तर अपघातात विमा कंपनी हात वर करते.

या कामाचे जाणकार कमी होत चालले आहेत. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते आणि तांत्रिक प्रशिक्षणाचे काम त्याच खात्याकडे होते. आज अमरावती, अकोल्याच्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिकची परीक्षा दिलेली आपली मुले कामाच्या शोधात फिरतात. गॅसच्या किटचे काम ज्याला नीट येते अशा मिस्तरीपुढे गाड्यांची रांग असते, हे त्यांनी ध्यानात घ्यावे.

अशोक विजयादशमीला अकोल्याहून दीक्षाभूमीला निघाले तर अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. आदल्या दिवशी थंड इंजिनावर झाकण उघडून पाणी काठोकाठ आहे का पाहावे, होजच्या क्लिपा आवळाव्यात, टाकीत पाच लिटर पेट्रोल ठेवावे. पाच लिटरचा डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणि एक जुना टॉवेल सोबत घ्यावा. वाटेत काटा लाल रेघेकडे गेला तर एसी असल्यास बंद, हीटर असल्यास चालू, गाडी सावलीत, सवाऱ्या खाली आणि गॅसची चावी बंद. अर्धा तास झाकणाला हात लावायचा नाही. मग टॉवेल टाकून पहिल्या खाचेपर्यंतच फिरवायचे, वाफ निघून गेल्यावर पूर्ण उघडायचे. तापलेल्या इंजिनात थंडगार पाणी एकदम ओतले की हेड वाकडे होते किंवा त्याला चीर जाते. पाणी थोडे थोडे, इंजिन सुरू ठेवून, हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत घालावे.